माणसातून किती वजा करायचं? गेममधल्या पात्रांचे त्रिकोण कमी करण्याविषयी



विषय ऐकून इथल्या ज्येष्ठांना वाटलं असेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं मोबाइलच्या गेमशी काय काम? आणि मागे बसलेल्या मुलांना वाटलं असेल, या आजोबांना गेममधलं काय कळतं? दोन्ही शंका रास्त आहेत. पण हा विषय मला माझ्याच विषयातला वाटतो. का, ते सांगतो.

गेम बनवणाऱ्या कलाकाराकडे माणसाचं एक मॉडेल येतं. समजा, त्यात दोन लाख त्रिकोण आहेत. त्याला सांगितलं जातं, हे दहा हजारांत बसवा, आणि माणूस तोच दिसला पाहिजे. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव काढायचे, पाच ठेवायचे. कुठले पाच? माणसात टाकण्यासारखं काय आहे, आणि काय टाकलं तर तो माणूस तोच राहत नाही? आमच्या शास्त्रात सार आणि आगंतुक म्हणून हा वाद दोन-अडीच हजार वर्षं चालू आहे. फरक एवढाच, की आमचं उत्तर चुकलं तर फार तर परीक्षेत गुण जातात. यांचं उत्तर चुकलं की पात्राचं कोपर मोडतं, आणि ते सगळ्यांना दिसतं.

त्रिकोणच का?

आधी हे त्रिकोण म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचा माणूस आतून पोकळ असतो. हाडं नाहीत, मांस नाही, फक्त वरची कातडी. ती कातडी म्हणजे एक जाळी. जाळीत बिंदू असतात, बिंदूंना जोडणाऱ्या कडा असतात, आणि कडांमध्ये सपाट तुकडे असतात. या तुकड्यांना पॉलिगॉन म्हणतात. बनवताना कलाकार चौकोन वापरतो, पण यंत्राकडे शेवटी त्रिकोणच जातात. का? आपल्या घरातली तिवई आठवा. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांची खुर्ची डुगडुगते. तीन बिंदू नेहमी एका सपाट पातळीत बसतात, चौथ्याची खात्री नसते. यंत्राला खात्री लागते.

ही पद्धत नवी नाही. १९७१ मध्ये आँरी गूरो या संशोधकाने आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्या चेहऱ्याची अशी जाळी बनवली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा घेतला, त्यावर शाईने सुमारे ३५० तुकडे आखले, एकेक बिंदू मोजला, आणि तो हात संगणकावर हलवून दाखवला. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. तेव्हा एका हाताला ३५० तुकडे म्हणजे चैन होती. आज अख्ख्या माणसाला लाखो मिळतात, आणि आपण ते कमी कसे करायचे यावर बोलतो आहोत.

खर्च कशाचा येतो?

तुम्ही म्हणाल, मिळतात तर वापरा की. कमी कशाला करायचे? त्यासाठी आपल्या गावचंच उदाहरण घेऊ.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघून आपल्याकडे सणसरला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण होतं. समजा, आपल्यातल्या एखाद्या मुलाने ठरवलं, या वाटचालीचा एक गेम करू. रस्ता आला, दिंडी आली, पताका आल्या. पडद्यावर एका वेळी २०० वारकरी दिसतात असं धरा. खऱ्या वारीच्या मानाने ही संख्या काहीच नाही. प्रत्येकाला ५०,००० त्रिकोण दिले. झाले किती? एक कोटी. आणि हे एका चित्रापुरतं. हालचाल दिसायची तर सेकंदाला निदान ३० चित्रं लागतात. म्हणजे सेकंदाला ३० कोटी त्रिकोण बसवायचे, वळवायचे, प्रकाशात धरायचे.

शिवाय माणूस झाडासारखा उभा राहत नाही, तो चालतो. जाळीच्या आत एक काल्पनिक सांगाडा असतो आणि प्रत्येक बिंदू त्यातल्या एक ते साधारण चार हाडांशी बांधलेला असतो. कोपराजवळचा बिंदू थोडं दंडाचं ऐकतो, थोडं हाताचं. कोणाचं किती ऐकायचं याला त्या बिंदूचं वजन म्हणतात. प्रत्येक चित्राला प्रत्येक बिंदूचा हा हिशेब नव्याने होतो.

महागड्या यंत्रावर हे निभेल. पण इथे बसलेल्या किती मुलांकडे महागडं यंत्र आहे? बहुतेकांच्या हातात तीन-चार वर्षं जुना फोन आहे, बऱ्याचदा मोठ्या भावाने वापरून दिलेला. त्यावर असा गेम उघडला की फोन तापतो, बॅटरी उतरते, चित्र अडखळतं, आणि शेवटी गेम बंद पडतो. गेम बनवणाऱ्याने त्रिकोण कमी केले नाहीत, तर त्याने या मुलाला दारातच थांबवलं. तसं कोणी बोलून दाखवत नाही, पण होतं तेच.

जवळचा आणि दूरचा

पहिला उपाय साधा आहे आणि तो आपल्या डोळ्यांनाच माहीत आहे. पालखी रस्त्याच्या वळणावर दिसते तेव्हा काय दिसतं? पांढरे ठिपके, वर भगव्या पताका. जवळ आली की टाळ दिसतात, फेटे दिसतात. अगदी समोर आली की कपाळावरचा बुक्का आणि घामाने ओला झालेला सदरा दिसतो. माणसं तीच असतात. डोळा दूरच्याला कमी तपशील देतो आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

हेच १९७६ मध्ये जेम्स क्लार्क यांनी संगणकाच्या चित्रांसाठी शास्त्रीय निबंधात मांडलं. एकाच वस्तूची तीन-चार रूपं ठेवा, जवळ असताना भरगच्च आणि दूर गेली की हलकं. आज याला ‘लेव्हल ऑफ डिटेल’ म्हणतात, कलाकार नुसतं ‘एलओडी’ म्हणतात.

का चालतं हे? वस्तू दुप्पट लांब गेली की तिची उंची निम्मी दिसते आणि पडद्यावरची जागा पाव होते. समजा, दूरचा एक वारकरी पडद्यावर ६० ठिपके उंच आणि २० ठिपके रुंद दिसतो. झाले फार तर १,२०० ठिपके. त्याला ५०,००० त्रिकोण दिलेत तर पाठमोरे निम्मे सोडून २५,००० समोर आले. एका ठिपक्यात वीस त्रिकोण! वीस जणांनी एकाच पाटावर बसायचं, आणि दिसणार एकच.

आता आपला हिशेब पुन्हा मांडू. अगदी समोरच्या पाच वारकऱ्यांना प्रत्येकी २०,०००, मधल्या पंचविसांना ५,०००, मागच्या एकशे सत्तरांना ५००. एक लाख, सव्वा लाख आणि पंच्याऐंशी हजार. एकूण तीन लाख दहा हजार. एक कोटीवरून आपण बत्तिसाव्या हिश्श्यावर आलो आणि बघणाऱ्याला फरक जवळजवळ कळत नाही. काळजी एका गोष्टीची घ्यावी लागते. रूप बदलतं त्या क्षणी पात्र टचकन उडी मारल्यासारखं दिसू नये. त्यासाठी पुढे येताना बदलायचं अंतर आणि मागे जाताना बदलायचं अंतर थोडं वेगळं ठेवतात, नाहीतर सीमेवर उभा असलेला माणूस सारखा लुकलुकत राहतो.

यंत्र कसं कमी करतं?

ही हलकी रूपं बनवायची कशी? ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डेसिमेट’ नावाची सोय आहे. आकडा द्या, दहा टक्के ठेव म्हणा, काही क्षणांत काम होतं. पण ते आत काय करतं हे समजून घेतलं पाहिजे.

ते एक कड निवडतं आणि तिची दोन टोकं एकत्र आणतं. दोन बिंदूंचा एक बिंदू झाला. त्या कडेच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण चपटे होऊन नाहीसे झाले. म्हणजे एक बिंदू गेला, तीन कडा गेल्या आणि दोन त्रिकोण गेले. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं, की बंद आणि भोक नसलेल्या जाळीत बिंदू वजा कडा अधिक तुकडे बरोबर दोन येतात. एक, तीन आणि दोन काढले तरी ते सूत्र जसंच्या तसं राहतं. म्हणून हे हजारो वेळा केलं तरी जाळी फाटत नाही.

पण आधी कुठली कड? इथे १९९७ मध्ये मायकेल गारलंड आणि पॉल हेकबर्ट यांनी एक सुंदर युक्ती दिली. प्रत्येक बिंदूभोवती काही सपाट त्रिकोण असतात. तो बिंदू हलवला तर त्या सपाट पातळ्यांपासून तो किती लांब जातो? त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. ही झाली त्या बदलाची किंमत. ज्या कडेची किंमत सगळ्यांत कमी, ती आधी मिटवायची, मग पुढची, मग त्यापुढची. पाठीसारख्या सपाट जागी किंमत नगण्य, म्हणून तिथले त्रिकोण भराभर जातात. नाकाच्या शेंड्याशी, कानाच्या पाळीशी किंमत जास्त, म्हणून ते टिकतात. आपला काटकसरी गृहस्थ खर्च कमी करताना हेच करतो, ज्याच्या जाण्याने घरात कोणाला जाणवणार नाही ते आधी.

दगड, घर, बैलगाडी यांच्यासाठी ही युक्ती उत्तम. माणसापाशी मात्र ती अडते. माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे.

उभा माणूस आणि चालणारा माणूस

माणसाचं मॉडेल बनवताना त्याला हात पसरून, ताठ उभं केलेलं असतं. यंत्र त्याला त्याच अवस्थेत बघतं. ताठ हात म्हणजे काय? एक नळी. नळीवर मध्ये चार वेढे असले काय आणि एक असला काय, आकारात फरक पडत नाही. मग यंत्राच्या हिशेबात कोपराजवळचे वेढे फुकटचे ठरतात आणि ते सगळ्यांत आधी उडतात. चित्र छान दिसतं. मालक खूश, त्रिकोण कमी झाले.

मग पात्र टाळ वाजवायला हात वाकवतं. आपल्या शेतातली ठिबकची नळी मुडपली की काय होतं? जिथे मुडपते तिथे चपटी होते, पाणी थांबतं. पात्राचं कोपर अगदी तसंच चपटं होतं. गुडघा वाकला की मांडी दबते. हात वर केला की खांदा आत जातो. तोंड उघडलं की ओठांचे कोपरे फाटल्यासारखे दिसतात.

यंत्राने चूक केली का? नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं. आपण विचारलं, हा माणूस कसा दिसतो? आपल्याला हवं होतं, हा माणूस काय काय करू शकतो?

आमच्या दर्शनांत यावर जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, वस्तूच्या ठायी शक्ती नावाचं काहीतरी वेगळं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. अग्नी समोर आहे, तसाच दिसतो आहे, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की तो जाळत नाही. म्हणजे दिसणाऱ्या रूपापलीकडे दाहकशक्ती म्हणून काही मानलं पाहिजे. नैयायिक म्हणतात, वेगळा पदार्थ मानायची गरज नाही, प्रतिबंधक नसणं हेही कारणांत मोजलं की झालं. तिकडे ॲरिस्टॉटलनेही शक्यता आणि प्रत्यक्ष अशी फोड केली होती. या वादात कोण जिंकलं ते बाजूला ठेवू. पण कोपराचे वेढे उडवणारं यंत्र पाहिलं की मीमांसक कशाविषयी बोलत होते ते लख्ख कळतं. कोपराचं वाकणं ताठ हाताच्या आकारात कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठाऊक असणाऱ्याने सांगावं लागतं.

म्हणून जाणता कलाकार सांधे आधी राखून ठेवतो. कोपराला आणि गुडघ्याला निदान तीन वेढे. एक मुडपण्याच्या रेषेवर, एक वर, एक खाली. डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती गोल वेढे, स्नायू जसे फिरतात तसे. ब्लेंडरमध्ये बिंदूंचा गट करून यंत्राला सांगता येतं, की इथे हात लावू नकोस, कमी करायचं ते बाहेरून कर. वेगवेगळ्या हालचालींत आकार तपासून मग किंमत ठरवणाऱ्या पद्धतीही संशोधकांनी मांडल्या आहेत. पण कुठल्या हालचाली तपासायच्या, हे पुन्हा माणसानेच ठरवायचं. आपला वारकरी धावा करणार असेल, फुगडी घालणार असेल, तर त्याचे गुडघे आणि खांदे श्रीमंत हवेत. नुसता रस्त्याच्या कडेला बसून राहणार असेल, तर नकोत.

हाताशी ठेवायचा क्रम

मुलांसाठी आता कामाचा क्रम सांगतो. हा पाळला तर निम्मं काम सोपं होतं.

सगळ्यांत आधी, जे कधीच दिसणार नाही ते काढा. फेट्याखालचं डोकं, सदऱ्याखालची छाती, धोतराखालची मांडी, बंद तोंडातले दात. सदरा कधी उतरणारच नसेल, तर आतलं शरीर ठेवून उपयोग काय? यात एकही दिसणारा त्रिकोण न गमावता बराच भार उतरतो.

दुसरं, बाह्यरेषा सांभाळा. माणूस आपण आधी त्याच्या कडेवरून ओळखतो, चेहरा नंतर. अंगाच्या आतल्या सुरकुत्या, शिवणी, कापडाच्या चुण्या यांना त्रिकोण लागत नाहीत. १९७८ मध्ये जेम्स ब्लिन यांनी दाखवलं, की पृष्ठभाग सपाटच ठेवून फक्त तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे एवढं खोटं सांगितलं, तरी प्रकाश फसतो आणि चुणी उठावदार दिसते. आज हीच युक्ती ‘नॉर्मल मॅप’ म्हणून वापरतात. भरगच्च मॉडेलवरच्या दिशा एका चित्रात साठवायच्या आणि ते चित्र हलक्या मॉडेलवर चढवायचं. पण ही फसवणूक कडेवर चालत नाही. एका अंगाने पाहिलं की नाक टोकदारच दिसतं. म्हणून आतले त्रिकोण चित्राला द्या आणि वाचलेले कडेवर खर्च करा.

तिसरं, बारीक वस्तूंवर लक्ष ठेवा. टाळाची दोरी, वीणेची तार, मंगळसूत्र. यांचा आकार इतका लहान, की यंत्राला त्यांची किंमत कमी वाटते आणि ती चेपली जातात. जी हलणार नाहीत ती चित्रातच रंगवा. जी हलणार आहेत ती वेगळी काढून हाताने करा.

चौथं, चेहऱ्याचे भाव शेवटी. हसणं, डोळे मिटणं ही रूपं मूळ बिंदूंच्या जागा बदलून बनवलेली असतात. आधी भाव बनवले आणि मग बिंदू कमी केले, तर सगळे भाव कोसळतात. ब्लेंडर तर अशा मॉडेलवर डेसिमेट कायम करूच देत नाही. आधी जाळी पक्की करा, मग हसवा.

पाचवं, फोटोंवरून किंवा स्कॅन करून बनवलेलं मॉडेल असेल, तर नुसतं कमी करू नका. स्कॅनला गालही सारखा आणि पापणीही सारखी. सगळीकडे दाट, दिशाहीन जाळी. तिच्यावर नवी, विरळ जाळी हाताने विणावी लागते. वेळ जातो, पण चेहरा हलायचा असेल तर त्याला पर्याय नाही.

आणि शेवटी तपासणी. भरगच्च आणि हलकं अशी दोन्ही मॉडेलं गेममध्ये ज्या अंतरावर दिसणार त्याच अंतरावर शेजारी ठेवा. ओळखता येतात का? मग दोन्हींना चालवा, बसवा, हात वर करायला लावा. उभ्या माणसावरून निकाल देऊ नका.

आपल्याकडे हे आधीपासून आहे

कमी रेषांत माणूस उभा करणं आपल्याला परकं नाही. पालघरकडची वारली चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. वरचा छाती, खालचा कंबर. डोक्याला एक गोल, हातापायांना रेघा. देहाला त्रिकोण दोनच! तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली ती माणसं नाचताना दिसतात. कारण त्या चित्रकाराने नाक-डोळे सोडून दिले, पण सांधा सोडला नाही. दोन त्रिकोण जिथे भेटतात त्या कंबरेच्या बिंदूवर सगळा देह झुकतो, वळतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण आता जो नियम महत्प्रयासाने काढला, तो त्या भिंतींवर कधीचा पाळलेला आहे.

आजचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या चमूचा ‘राजी’ हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. त्यात भावाला शोधत निघालेली राजी बहुतेक वेळ दुरून दिसते. भव्य वाडे आणि त्यात ती लहानशी. ती कोण आहे ते आपल्याला तिच्या उडीतून, भिंतीवरून धावण्यातून, त्रिशूळ फिरवण्यातून कळतं. मधली कथा तर सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली आहे. बाह्यरेषा आणि सांधे, बस्स. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये फोनसाठी आला. त्यात एका मैदानात पुष्कळ खेळाडू एकाच वेळी उतरतात. तिथे ही काटकसर नसेल तर खेळ सुरूच होणार नाही. ही कामं आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर होतात, मुलांनो. आणि ज्याने माणसं नीट पाहिली आहेत, त्याला ती जास्त चांगली जमतात.

गर्दीतला माणूस

एक जुना पेच आहे. खळ्यावर ज्वारीची रास आहे. एक दाणा काढला, रास आहेच. आणखी एक काढला, आहेच. मग रास नेमकी कितव्या दाण्याला संपते? कोणी सांगू शकत नाही. त्रिकोणांचंही तेच. अमुक त्रिकोण काढला आणि माणूस संपला, अशी रेघ नाही. म्हणून काढणाऱ्याच्या हातून नकळत जास्त जातं. आणि ते सगळ्यांच्या वाटचं सारखं जात नाही.

नायकाला २०,००० मिळतात आणि गर्दीला ५००. इथवर ठीक. डोळाही तेच करतो. पण पुष्कळदा गर्दीसाठी एकच देह घेतात, तरुण, ताठ, पुरुषाचा, आणि त्याच्याच प्रती रस्ताभर पेरतात. आपली वारी तशी आहे का? डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, नऊवारीचा कासोटा, पाठीत वाकलेला म्हातारा, मृदंगाच्या वजनाने एका बाजूला झुकलेला तरुण. दुरूनही ही माणसं वेगवेगळी ओळखू येतात, कारण त्यांची बाह्यरेषा आणि चाल वेगळी आहे. पाचशेच त्रिकोण आहेत ना? मग नाक-डोळे रंगाने काढा, पण वृंदावन ठेवा, वाक ठेवा, कासोटा ठेवा, पताकेला फडकण्यापुरते चार त्रिकोण जास्त द्या. गरीब मॉडेलमध्येही माणूस त्याचा तो राहू शकतो. आणि खेळणारा त्याच्याजवळ गेला, तर त्याला चेहरा मिळाला पाहिजे. दूर आहे म्हणून कमी, हे चालेल. गर्दीतला आहे म्हणून कायमचा कमी, हे चालणार नाही.

एक प्रश्न

एका मुलाने चिठ्ठी पाठवली आहे. “सर, नवी इंजिनं त्रिकोण आपोआप कमी करतात. मग हे शिकायचं कशाला?”

चांगला प्रश्न आहे. अनरियल इंजिनच्या पाचव्या आवृत्तीत नॅनाइट नावाची व्यवस्था आली. ती जाळीचे छोटे छोटे गट करते आणि पडद्यावर जेवढं दिसेल तेवढंच काढते. काम अद्भुत आहे. पण २०२२ मध्ये ती आली तेव्हा कशासाठी होती? डोंगर, दगड, इमारती. सांगाड्यावर हलणाऱ्या देहांपर्यंत ती नंतर पोचली. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. शिवाय अशा व्यवस्थेला तगडं यंत्र लागतं, मोठ्या भावाने दिलेला फोन तिला पुरत नाही.

आणि समजा, उद्या सगळं यंत्राने केलं. तरी कोणीतरी त्याला सांगायचंच आहे, की या पात्राचं काम काय, ते कुठे वाकणार, त्याच्यात काय राखायचं. ते सांगायचं तर माणूस हलताना पाहिलेला असावा लागतो. पुढच्या आषाढात पालखी आली की रस्त्याच्या कडेला थोडा वेळ त्यासाठी उभे राहा. फोन खिशात ठेवा. कोण कसं चालतं, वजन कुठल्या पायावर टाकतं, वळताना आधी काय वळतं, खांदा की मान, ते पाहा. त्यानंतर डेसिमेटचं बटण खुशाल दाबा.